दर्जा सांगताना देशही सांगा

संपादक महोदय,

लिलावाच्या बातमीत नाणे ‘एक्स्ट्रीमली फाइन’ दर्जाचे (म्हणजे झीज अगदी थोडी) होते एवढेच छापले जाते. ते कोणत्या देशाच्या मापाने, हे नसते. अमेरिकेत १ ते ७० गुणांची शेल्डन पट्टी चालते. १९४९ साली ती फक्त तांब्याच्या जुन्या मोठ्या सेंटसाठी मांडली होती. ६० पासून पुढे न वापरलेले नाणे. ब्रिटनमध्ये शब्दांवरच भिस्त, आणि हात आखडता: तिथले ‘व्हेरी फाइन’ (एक पायरी खालचा दर्जा) अमेरिकेत बरेचदा ‘एक्स्ट्रीमली फाइन’ म्हणून खपते. जर्मन ‘झेर श्योन’ साधारण ‘व्हेरी फाइन’च्या जवळ. ‘प्रूफ’ हा तर दर्जाच नव्हे, नाणे पाडण्याची पद्धत आहे.

पारख मात्र सगळीकडे सारखीच. नाणे कडेने धरून एकाच दिव्याखाली हळूहळू कलवावे. मूळ चकाकी असेल तर प्रकाशाचे पट्टे पृष्ठभागावर गोल फिरतात. झीज आधी उंचवट्यांवर येते. नाण्यावरच्या चेहऱ्याचा गाल आणि भुवईच्या वरचे डोक्याचे केस बघावेत, तिथे मंद करडा डाग दिसला की नाणे हाताळलेले. घासून चकचकीत केलेल्या नाण्यावर बारीक समांतर ओरखडे असतात आणि ते पट्टे फिरत नाहीत. अशा नाण्याला दर्जा ठरवणाऱ्या अमेरिकी कंपन्या सहसा गुणच देत नाहीत, नुसता ‘डिटेल्स’ (नक्षी दिसते, पण नाण्यात दोष आहे) असा शेरा मारतात. तेव्हा ‘चकाकते’ म्हणून जास्त पैसे मोजू नयेत.

– एक नाणेसंग्राहक