ती लाकडी विमानं भंगारात देऊ नका

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी कोल्हापूरचा, उद्यमनगरात फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून घेतात तो लाकडी नमुना, करण्यात माझी ३८ वर्षं गेली, आता रिटायर आहे. पत्र लिहायचं कारण असं की मागच्या महिन्यात एका जुन्या ट्रॅव्हल एजंटच्या ऑफिसचं रिनोव्हेशन चाललं होतं आणि फुटपाथवर तुटक्या खुर्च्या, फायलींचे गठ्ठे, एक टेबलफॅन असं सगळं काढून ठेवलं होतं, त्या ढिगावर एक विमान उलटं पडलं होतं. भंगारवाला प्लॅस्टिक समजून बाजूला फेकत होता. मी हातात घेतलं तर वजन लागलं, म्हणजे आत भरीव लाकूड. चार इंजिनांपैकी एकावरच पंखा शिल्लक, शेपटीचा एक भाग तुटलेला, स्टँडवर नावाची पट्टी असणार तिथं नुसती स्क्रूची दोन भोकं. पन्नास रुपये दिले आणि घरी घेऊन आलो.

कुठलं विमान ते बघताक्षणी कळलं. तीन उभ्या शेपट्या आणि माशासारखी बाक असलेली पाठ, हे लॉकहीड कॉन्स्टेलेशनच. टेपनं मापलं तर पंखांचा पसारा ५२ सेंटिमीटर आणि लांबी ४८ भरली. खऱ्या विमानाचे पंख साडेसदतीस मीटर, म्हणजे प्रमाण १:७२, आणि त्या हिशोबानं साधं कॉन्स्टेलेशन असतं तर लांबी ४० च भरली असती, तेव्हा हे नंतरचं लांब केलेलं सुपर कॉन्स्टेलेशन. ज्यानं केलं त्यानं नजरेच्या अंदाजानं केलेलं नाही, समोर ड्रॉइंग ठेवून केलंय, माप मिलिमीटरला जुळतं.

आमच्या धंद्यातल्या माणसाला हे काम किती अवघड आहे ते लगेच कळतं. व्हायकाउंट घ्या, १९५७ पासून इंडियन एअरलाइन्सकडं होतं, मोठ्या लंबगोल खिडक्यांचं, त्याची बॉडी मधे सरळ नळीसारखी आहे, लेथवर लाकूड लावलं की निम्मं काम झालं. कॉन्स्टेलेशनला लेथ चालतच नाही. त्याचे पंखे मोठे, ते जमिनीला लागू नयेत म्हणून विमान उंच पायांवर उभं, मग पुढचा पाय फार लांब होऊ नये म्हणून नाक खाली झुकवलं आणि शेपटी वर उचलली, त्यामुळं नाकापासून शेपटीपर्यंत गोलाई सारखी बदलत जाते. आणि शेपट्या तीन का, तर एकच उंच केली असती तर तेव्हाच्या हँगरच्या दारातून विमान आत गेलं नसतं. लाकडात हे करायचं तर जागोजागी पत्र्याचे फर्मे, म्हणजे त्या त्या जागच्या गोलाईचे साचे, कापून लावून बघायचे, रंधा, मग कानस, मग पॉलिश पेपर, आणि दर दोन मिनिटांनी फर्मा लावून उजेडासमोर धरायचं, फट दिसली की परत कानस. घाई केली आणि एकदा जास्त उतरलं की ते लाकूड गेलंच.

डावा पंख हलत होता म्हणून मी तो हळू काढला, सरस वाळून त्याची पावडर झाली होती. कुसू, म्हणजे खोबणीत बसणारं पंखाचं टोक, बाहेर आला आणि त्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं, "डा". दुसऱ्या बाजूचा काढला तर "उ". साहेब, मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. डावा आणि उजवा. म्हणजे हे विमान परदेशातनं आलेलं नाही, कुणीतरी मराठी माणसानं, बहुतेक मुंबईत, आपल्या हातानं कोरलंय, आणि दोन पंखांची अदलाबदल होऊ नये म्हणून आम्ही पॅटर्नवर करतो तशीच खूण केलीय, जी परत कुणाला दिसणारच नव्हती. लाकूड शिवणीचं, वजनाला बेताचं, पटाशीला गुणी. बॉडी दोन फळ्यांची, रेषा उलटसुलट ठेवून चिकटवलेली, त्यामुळं इतक्या वर्षांत जरासुद्धा पीळ नाही. नाकाजवळ तो एअर इंडियाचा धनुर्धारी, खाली घोडा वर माणूस, बारीक ब्रशनं काढलेला, स्टिकर नाही, भिंगातून बघितलं तर ब्रशचे केस फिरलेले दिसतात. करणाऱ्याचं नाव कुठंच नाही.

"उ" लिहिलेला तो पंख हातात धरला तेव्हा मला आठवलं ते ११ एप्रिल १९५५. एअर इंडियाचं 'काश्मीर प्रिन्सेस', याच घराण्यातलं आधीचं साधं कॉन्स्टेलेशन, हाँगकाँगहून जकार्ताला चाललं होतं, इंडोनेशियातल्या बांडुंगला आशिया-आफ्रिकेतल्या देशांची परिषद होती तिच्यासाठी निघालेले चिनी प्रतिनिधी आणि पत्रकार आत होते, आणि उजव्या चाकाच्या कप्प्यात कुणीतरी टाइम बॉम्ब ठेवलेला. अशाच उजव्या पंखाला आग लागली. कॅप्टन डी. के. जटार यांनी तशा जळत्या विमानाला खाली समुद्रापर्यंत आणलं. १९ जणांतले १६ गेले, जटार गेले, एअर होस्टेस ग्लोरिया बेरी गेल्या, वाचले ते तिघं, को-पायलट दीक्षित, नॅव्हिगेटर पाठक आणि मेंटेनन्स इंजिनिअर ए. एस. कर्णिक. पुढं सरकारनं त्या सगळ्यांचा शौर्याबद्दल गौरव केला. आज कॉलेजच्या पोरांना विचारा, जटार कोण, कर्णिक कोण, दहातल्या एकालाही सांगता येईल असं मला वाटत नाही. आणि त्याच घराण्यातल्या विमानाचं हातानं कोरलेलं लाकडी रूप फुटपाथवर भंगारात पडलं होतं.

त्याच्याही आधी तसंच साधं कॉन्स्टेलेशन, 'मलबार प्रिन्सेस', ८ जून १९४८ ला ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं, एअर इंडियाची लंडनची ती पहिली फेरी, नऊ महिने दहा महिने झाले होते स्वातंत्र्याला. अशा विमानांची लाकडी मॉडेलं त्या काळात काचेच्या कपाटात, मॅनेजरच्या टेबलावर, तिकीट खिडकीच्या वर दिमाखात असायची. लोक तिकीट काढायला यायचे आणि पोरं त्याच्याकडं बघत उभी राहायची. डकोटा होतं, फोकर फ्रेंडशिप होतं वर पंख असलेलं, कानपूरला बनलेलं ॲव्रो होतं. आता ऑफिसं बंद पडतायत, बुकिंग मोबाईलवर होतंय, ते ठीक आहे, काळ बदलणारच, पण ती कपाटं रिकामी होताना आतल्या वस्तू कुठं जातात हे कुणी बघत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. मुंबईत पार्ले, सांताक्रूझ, कालिना या भागात एअर इंडियात नोकरी केलेली किती मराठी घरं आहेत, पुण्यात आहेत, गोव्यात आहेत, वडिलांना निरोप समारंभात मिळालेलं विमान माळ्यावर पडलेलं असेल. ते प्लीज भंगारात देऊ नका. मोडलेलं असलं तरी देऊ नका, लाकूड दुरुस्त होतं, प्लॅस्टिक होत नाही. आणि चकचकीत दिसावं म्हणून नवा ऑइलपेंट मारू नका, माझी हात जोडून विनंती आहे, जुना रंग, जुनी अक्षरं हीच त्याची ओळख आहे. ओल्या फडक्यानं पण पुसू नका, कोरड्या मऊ ब्रशनं धूळ काढा, उन्हात आणि भिंतीच्या ओलीजवळ ठेवू नका. पंख सुटला असेल तर जवळच्या जाणत्या सुताराकडं न्या, जुना सरस खरवडून साफ केल्याशिवाय वरून फेव्हिकॉल भरू देऊ नका, धरत नाही. जोड उघडलाच तर आत काही लिहिलंय का ते आधी बघा आणि फोटो काढून ठेवा.

संपादक साहेब, आपल्याला विनंती अशी की आपल्या रविवारच्या पुरवणीत थोडी जागा द्या, वाचकांनी आपापल्या घरातल्या अशा विमानांचे फोटो पाठवावेत, कुणी केलं, कुठं मिळालं, जे आठवतं ते लिहावं. करणाऱ्यांपैकी कुणी हयात असतील, नसतील तर त्यांची मुलं असतील. त्यांची नावं आत्ता नाही छापली गेली तर नंतर सांगणारं कुणी राहणार नाही. आणि दुसरं, हे काम आजही आपल्याकडं होऊ शकतं. आमच्या पॅटर्नच्या धंद्यात आता सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मशीन, आलंय, थ्री डी प्रिंट आलंय, चाळीस चाळीस वर्षं पटाशी धरलेली माणसं घरी बसून आहेत, सावंतवाडीच्या चितारआळीत पिढ्यान्‌पिढ्या लाकूड रंगवणारे हात आहेत. आमच्या उजळाईवाडीच्या विमानतळावर, शाळांमध्ये, कॅप्टन जटारांच्या विमानाची नीट मापातली लाकडी प्रतिकृती का नसावी, खाली त्यांचं नाव मराठीत लिहून. कुणी करून मागितली तर माझ्या मजुरीचा एक रुपया नको, लाकूड तेवढं द्या.

सध्या ते विमान माझ्या बेंचवर आहे. तुटलेली शेपटी शिवणीच्याच तुकड्यातून नवीन केली, रंग मुद्दाम लावलेला नाही, नवं कुठलं आणि जुनं कुठलं ते दिसायला पाहिजे. पंख बसवायच्या आधी "डा" च्या खाली मी काही लिहिलं नाही, ती जागा त्यांची आहे. तीन पंख्यांपैकी दोन झाले, तिसऱ्याची पाती कापून ठेवलीत, उद्या कानस मारून बसवीन.

आपला नम्र,
एक निवृत्त पॅटर्न मेकर, कोल्हापूर