मैदानाचे कुलूप आणि आमचा रक्तदाब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या वस्तीजवळच्या मैदानाला संध्याकाळी सात वाजता कुलूप लागतं, त्याबद्दल हे पत्र. कुलपाचा आणि रक्तदाबाचा काय संबंध, ते सांगतो.

मी एसटीचा निवृत्त वाहक. कराड-चिपळूण मार्गावर बरीच वर्षं काढली. कुंभार्ली घाटात भरल्या गाडीत एका हातानं दांडा धरायचा, दुसऱ्यानं तिकिटं द्यायची, मागच्या बाकापर्यंत गर्दीतून घुसायचं आणि परत यायचं. पुढे बढती मिळून वाहतूक नियंत्रक झालो. खुर्ची, माइक, चहा, पुन्हा चहा. चार वर्षांत पोट पट्ट्याबाहेर आलं. चष्म्याचा नंबर काढायला गेलो तिथं सहज दाब बघितला, तर १६०/१००. डोकं दुखत नव्हतं, चक्कर नव्हती, काहीच नव्हतं.

डॉक्टरांनी गोळी दिली, मीठ कमी करायला सांगितलं (घरच्या लोणच्यावर पहिली कुऱ्हाड) आणि रोज अर्धा तास भराभर चालायला. मी म्हटलं, "साहेब, आयुष्य उभ्यानंच काढलंय." त्यावर त्यांनी लंडनच्या बसची गोष्ट सांगितली. डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं होतं की, दुमजली बसमध्ये दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त होतो. ते संशोधन हृदयविकाराचं होतं, रक्तदाबाचं नव्हे. पण मला माझी खुर्ची दिसली.

चालू लागलो. वेग एवढाच, की सोबत्याशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. चालताना दाब थोडा चढतोच. मात्र थांबल्यावर रक्तवाहिन्या सैल पडतात आणि पुढचे काही तास तो खाली राहतो. रोज केलं तर काही आठवड्यांत एरवीचाही दाब उतरतो. दाब वाढलेल्यांचा वरचा आकडा नुसत्या नियमित व्यायामानं साधारण ५ ते ८ नं खाली येतो, असं डॉक्टर म्हणाले. ज्यांचा दाब अजून बरा आहे, त्यांना तो वाढण्यापासूनही राखण होते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं सांगते. म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास.

इथं मी शहाणपणा केला. आकडा १२८ दिसताच गोळी आपल्या मनानं बंद केली. त्यात पावसाळा लागला आणि चालणंही सुटलं. दीड महिन्यानं १७०/१०४. डॉक्टर जे बोलले ते छापण्यासारखं नाही. व्यायामाचा मासिक पास मिळत नाही, रोज नवं तिकीट फाडावं लागतं. पुन्हा दोन्ही सुरू केलं. वर्षभरानं त्यांनीच गोळी ५ मिलिग्रॅमवरून अडीचवर आणली. अजून घेतो.

आता कुलपाचं. सकाळी साडेपाच ते आठ मैदान उघडं असतं, संध्याकाळी मात्र सातलाच कुलूप. निवृत्तांची सोय झाली, माझीही झाली. पण ज्याची ड्यूटी पहाटे पाचला लागते किंवा रात्री आठला सुटते, त्यानं कुठं चालायचं? हमरस्त्याला पदपथ नाही, ट्रॉल्यांची रांग आणि अंगावर येणारी कुत्री. बसून काम करणारे ड्रायव्हर, शिंपी, दुकानातल्या गल्ल्यावरचे, ज्यांना चालण्याची सर्वांत जास्त गरज, त्यांच्याच वेळेला फाटक बंद. मैदान ज्यांच्या ताब्यात आहे, त्यांनी ते रात्री दहापर्यंत उघडं ठेवावं आणि आतल्या वाटेवर चार दिवे लावावेत. राखणीला माणूस नसेल तर आम्ही निवृत्त मंडळी आळीपाळीनं बसू. पहारा देताना चकरा मारू, ते वेगळंच.

माझा एक जुना ड्रायव्हर सहकारी ड्यूटी संपल्यावर आगारातच उभ्या गाड्यांभोवती फिरतो. चाळीस फेऱ्या. मोजणी चुकू नये म्हणून खिशात जुनी तिकिटं ठेवतो आणि दर फेरीला एक या खिशातून त्या खिशात टाकतो.

आपला,
एक निवृत्त वाहक, कराड