गेममधल्या कथेचीही समीक्षा हवी

संपादक महोदय,

व्हिडिओ गेमविषयी आपल्याकडे लिहिलं जातं ते बहुधा व्यसन किंवा जुगाराच्या अंगानं. त्यांतल्या कथेची समीक्षा क्वचितच दिसते, आणि तीही सिनेमाची मापं लावून केलेली.

लुकास पोप यांचा २०१३ चा ‘पेपर्स, प्लीज’ हा गेम घ्या. खेळणारा एका काल्पनिक देशाच्या सीमेवर कागदपत्रं तपासतो. नवऱ्याचे कागद पुरे असतात, मागून आलेल्या बायकोकडे परवाना नसतो. तिला आत सोडलं तर चूक नोंदवली जाते. अशा चुका वाढल्या की पगार कापला जातो, आणि घरी अन्नाला, घर गरम ठेवायला पैसे पुरत नाहीत. ॲरिस्टॉटलनं शोकांतिकेतली करुणा आणि भय मांडलं ते प्रेक्षकाच्या संदर्भात. इथं शिक्का आपल्याच हातात असतो, म्हणून अपराधीपणही आपलंच.

एस्पेन आर्सेथ आणि जॅनेट मरे या डिजिटल साहित्याच्या अभ्यासकांनी १९९७ मध्येच वाचकाच्या कृतीचा विचार मांडला होता. पुढं गेमचं मर्म कशात, ‘नियम की कथा’, असा वाद अभ्यासकांत रंगला. मला तो वादच चुकीचा वाटतो. वरच्या प्रसंगातून दंडाचा नियम काढा, कथा उरतच नाही!

शिवाय प्रत्येकाचा खेळ वेगळा होतो, त्यामुळे एका समीक्षकाचं वाचन अपुरं पडतं. अनेक खेळाडूंनी काय निवडलं, कुठं थबकले, याच्या पद्धतशीर नोंदी हव्यात. विद्यापीठांच्या साहित्य आणि मानसशास्त्र विभागांनी हे मिळून करावं, आणि आपण पुरवणीत नाटक-सिनेमाशेजारी गेमच्या परीक्षणाला जागा द्यावी, ही विनंती.

– एक वाचक, नाशिक