मी खुर्ची मागे घेतली

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा निरोप मिळाला. यंदा तुझ्या दुसरीच्या वर्गात न बोलणारा एक मुलगा आलाय. बाकीची मुलं त्याला त्रास देत नाहीत, पण त्याच्याकडे बघतही नाहीत. तुमच्याकडे अशा मुलांना कसं सामावून घेतात ते सविस्तर लिही, म्हणालीस. फोनवर आपलं बोलणं भलतीकडेच जातं, म्हणून पत्र. आधीच सांगते, इथे अमेरिकेत सगळं आदर्श आहे असं समजून वाचू नकोस. पहिले चार महिने माझ्या वर्गातल्या अशाच एका मुलाला एकटं पाडायचं काम मीच करत होते, तेही पगार घेऊन.

त्याचं नाव लिहीत नाही. इथे १९७४चा एक कायदा आहे, शाळेतल्या नोंदी आणि त्यातली मुलांची माहिती पालकांच्या संमतीशिवाय बाहेर देता येत नाही. तेव्हा तो नुसता ‘तो’. टॅब्लेटवरच्या चित्रांना बोट लावतो आणि टॅब्लेट त्याच्या वतीनं बोलतो. मी त्याची मदतनीस. म्हणजे खुर्ची त्याच्या बाकाला लावून बसायचं, त्याची पेन्सिल उचलून द्यायची, रांगेत त्याचा हात धरायचा, जेवताना शेजारी, मधल्या सुट्टीत मागे. मला वाटायचं, मी किती मन लावून करते! मग विशेष शिक्षिकेनं एक दिवस सहज विचारलं, "आज त्याच्याशी किती मुलं बोलली?" मी आठवायला लागले. एकही नाही. मुलांना काही विचारायचं असलं तर ती मला विचारत: "त्याला हा रंग हवाय का?" तो समोर बसलेला, आणि उत्तर मी देत होते. वर्गशिक्षिकासुद्धा त्याच्याबद्दल माझ्याशीच बोलायच्या. तो वर्गाचा नव्हताच, माझा होता.

नंतर कळलं की हे फार पूर्वी कुणीतरी बघून लिहून ठेवलंय. व्हर्माँट विद्यापीठातले मायकेल जियानग्रेको आणि त्यांचे सहकारी वर्गांत जाऊन बसले आणि १९९७ मध्ये त्यांनी मांडलं, की मदतनीस सतत चिकटून राहिला की मूल मोठ्यांवर अवलंबून राहायला शिकतं, बरोबरीची मुलं लांब जातात आणि शिक्षक त्या मुलाची जबाबदारी मनातून सोडून देतात. वाचताना कान गरम झाले माझे.

मग मी खुर्ची मागे घेतली. आधी हातभर, मग भिंतीपर्यंत. सोपं नव्हतं गं. त्याची पेन्सिल पडली की मी अर्धी उठायचे आणि परत बसायचे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी शेजारच्या मुलीनं पेन्सिल उचलून दिली आणि त्याच्याकडे बघून काहीतरी म्हणाली. काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. ऐकू येऊ नये एवढ्या लांब मी होते, हेच त्यातलं मुख्य.

पण नुसतं लांब बसून भागत नाही. त्या मुलीला उत्तर द्यायला त्याच्याकडे शब्द हवेत ना! आम्ही टॅब्लेट उघडून बघितला, तर आत काय? पाणी हवं, बाथरूमला जायचंय, दुखतंय, झालं. सगळे शब्द मोठ्यांकडे मागण्या करायचे. मित्राशी बोलायला एक नाही. मग ‘चल’, ‘आता माझा नंबर’, ‘तुझ्यावर राज्य’, ‘नको ना’, ‘हे भारी आहे’ आणि एक ‘शी!’ घातलं. ‘शी!’ लगेच लोकप्रिय झालं, वर्गशिक्षिकांना फारसं आवडलं नाही तरी. आणि आम्ही मोठ्यांनीही बोलताना त्याच्या चित्रांवर बोट ठेवायला सुरुवात केली. ज्या भाषेत आपल्याशी कुणी बोलतच नाही ती भाषा मूल शिकणार कुठून? तुझ्याकडे टॅब्लेट नसला तरी अडत नाही. पुठ्ठ्यावर चित्रं चिकटवून तक्ता कर, आणि एक नाही, बरेच कर, म्हणजे इतर मुलांच्या हातातही एकेक राहील. त्याच्या आईला भीती वाटेल, की चित्रांची सवय लागली तर तो बोलणारच नाही. इथल्या आईनंही तेच विचारलं होतं. आतापर्यंतच्या अभ्यासांत तसं दिसलेलं नाही, काही मुलांचं बोलणं उलट थोडं वाढलंय, हे तिला नक्की सांग.

आता एक धोका. ‘मदत करणारे मित्र’ नेमू नकोस. आम्ही नेमले होते, पाळीपाळीनं. आठवड्याभरात दोन मुली त्याच्याशी तान्ह्या बाळाशी बोलावं तसं लाडेलाडे बोलायला लागल्या आणि त्याबद्दल शाबासकीही मिळवायला लागल्या. मैत्री अशी एका बाजूनं वाहत नाही. ते बंद केलं आणि त्यालाच काम दिलं: रोज सकाळी एका जोडीदाराबरोबर हजेरीचा कागद ऑफिसात नेऊन द्यायचा. खोटं काम नाही, कागद पोचला नाही तर ऑफिसातून विचारणा होते. तो दोन दिवस तापानं आला नाही तेव्हा जोडीदार दारात उभा राहून विचारत होता, "मी एकटा कसा जाऊ?"

अभ्यासातही असंच काहीतरी लागतं, ज्यात एकाशिवाय दुसऱ्याचं अडेल. १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नुकतीच एका वर्गात आणून बसवली होती आणि भांडणं चालली होती. तेव्हा एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञानं धड्याचे तुकडे केले. पाच-सहा मुलांचा गट, प्रत्येकाला एकच तुकडा. आपापला तुकडा इतर गटांतल्या तोच तुकडा मिळालेल्या मुलांबरोबर बसून पक्का करायचा आणि मग आपल्या गटाला शिकवायचा. ज्याला आपण मठ्ठ म्हणतो त्याच्याकडेच धड्याचा तुकडा, मग त्याचं ऐकण्यावाचून गत्यंतर नाही. आमचा पहिला प्रयोग फसला. त्याचा तुकडा टॅब्लेटवर आदल्या दिवशी भरून ठेवायला मी विसरले, गटातली मुलं कंटाळली, एकानं तर त्याच्या हातातून कागदच ओढला. आता आदल्या दिवशी भरून ठेवते. दुसरीतल्या मुलांना सहाचा गट झेपत नाही, चारचा पुरे.

मैदानावर एक रंगीत बाकही आहे. ज्याला खेळायला कुणी नाही त्यानं तिथे बसायचं, मग कुणीतरी येऊन त्याला बोलवायचं, अशी कल्पना. फोटो सुंदर येतो. पण बसलेलं मूल सगळ्यांना दिसतं, म्हणून मुलं तिथे बसतच नाहीत. त्यापेक्षा एक बाई उभी राहून रोज एकच खेळ सुरू करते, ज्याला यायचं त्यानं यावं, तो उपाय मला दहापट बरा वाटतो.

कायद्याचं विचारलं होतंस. इथे १९७५पासून अपंग मुलांना सरकारी शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, आणि शक्य तितकं इतर मुलांबरोबरच शिकवायचं असं बंधन. प्रत्येक मुलाची लेखी योजना असते, वर्षातून निदान एकदा तिचा फेरविचार होतो, आणि त्या बैठकीत आईवडील पाहुणे नसतात, बरोबरीचे सभासद असतात. कागदावर उत्तम. पण मी बसले होते त्या बैठकीत पाऊण तास ‘हे जमत नाही, ते जमत नाही’ एवढंच वाचून झालं आणि त्याची आई हातातला रुमाल पिळत बसली होती. आता आमच्या विशेष शिक्षिका सुरुवात आईपासून करतात: घरी त्याला कशानं हसू येतं ते सांगा. तुमच्याकडे भारतातही अपंगांच्या हक्कांचा २०१६चा कायदा आहेच, मुख्याध्यापकांनी नकारघंटा वाजवली तर त्यातलं शिक्षणाचं प्रकरण त्यांच्या टेबलावर ठेव.

परवा मधल्या सुट्टीत एक मुलगा लालबुंद होऊन माझ्याकडे आला. "तो चीटिंग करतो! त्याच्यावर राज्य आलं की टॅब्लेटवर ‘नको ना’ दाबतो आणि पळून जातो!" मी म्हटलं, जा, त्यालाच सांग. तो पाय आपटत गेला. दोघांचं बराच वेळ वाजलं, एकाचं तोंडानं आणि एकाचं टॅब्लेटनं. मी भिंतीपाशीच उभी राहिले.

तक्त्यांचे फोटो वेगळे पाठवते. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी