बाप्तिस्मा म्हणजे जुन्या माणसाचं मरण

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात मधे धर्मांतरावर बरीच पत्रं आली, त्यातल्या एकात लिहिलं होतं की बाप्तिस्मा म्हणजे काय तर डोक्यावर पाणी टाकायचं, नाव बदलायचं आणि झाला माणूस ख्रिश्चन, जसा काही एखादा फॉर्म भरून दिला. वाचून राग नाही आला, वाईट मात्र वाटलं, कारण खरं सांगायचं तर आमच्यातलेच कितीतरी जण आता असंच समजतात. मी साताऱ्यात राहते, सगळी नोकरी नर्सिंगमधे गेली, घरात तीन पिढ्या ख्रिस्ती. मी काही थिऑलॉजी शिकलेली नाही पण हा विषय फार जिव्हाळ्याचा आहे म्हणून जरा लांबच लिहिते.

नावाचं आधी उरकते. बाप्तिस्म्यासाठी नाव बदलावं लागतं असं बायबलमधे कुठेही नाही. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मधे मुंबईत बाप्तिस्मा घेतला, ते शेवटपर्यंत नारायणच राहिले, आणि लक्ष्मीबाईंनी पुढे काही वर्षांनी घेतला तोसुद्धा नवरा ख्रिस्ती झाला म्हणून नाही, स्वतःला पटल्यावर, आणि त्याही लक्ष्मीबाईच राहिल्या. कुणाची जबरदस्ती असेल, आमिष असेल तर पाणी कितीही पडो, आत काही घडत नाही.

मग घडतं काय? बहुतेकांना वाटतं पाप धुतलं जातं. ते आहेच, हनन्या नावाच्या शिष्याने पौलाला, म्हणजे पुढे मोठा प्रेषित झाला त्याला, दमिष्कात असंच सांगितलं होतं, ऊठ, बाप्तिस्मा घे आणि आपली पापं धुऊन टाक. पण धुतलेला माणूस तोच असतो ना, फक्त स्वच्छ झालेला. तोच पौल पुढे रोमकरांस पत्र लिहितो तेव्हा सहाव्या अध्यायात फार पुढे जातो, तो म्हणतो की आपला ख्रिस्तामधे बाप्तिस्मा झाला तो त्याच्या मरणात झाला, आपण त्याच्याबरोबर पुरले गेलो, अशासाठी की तो जसा मेलेल्यांतून उठला तसं आपणही नव्या जीवनात चालावं. म्हणजे ते पाणी कबर आहे. आत जातो तो जुना माणूस, त्याचा गर्व, त्याची वैरं, त्याचं "माझं माझं", आणि बाहेर येतो तो ख्रिस्ताचा. हे एकदा मनाला भिडलं की बाप्तिस्म्याला नुसतं "कार्यक्रम" म्हणवत नाही.

आणि स्वतः येशूचं बघा. योहान नावाचा संदेष्टा यार्देन नदीवर लोकांना पश्चात्तापाचा बाप्तिस्मा देत होता, तिथे जकातदार यायचे, शिपाई यायचे, आपापली पापं कबूल करायचे. येशूला कबूल करायला काही नव्हतं, तरी तो त्याच गर्दीत जाऊन उभा राहिला, योहान म्हणाला अरे मीच तुझ्याकडून बाप्तिस्मा घ्यायचा तर तू माझ्याकडे कसा येतोस, पण येशू ऐकला नाही. पाण्यातून वर आला तेव्हा आकाश उघडलं, आत्मा कबुतरासारखा उतरला आणि आवाज आला की हा माझा प्रिय पुत्र. आपण इथेच थांबतो, चित्रातही एवढंच काढतात. पण नंतर तोच येशू शिष्यांना सांगतो की मला एक बाप्तिस्मा घ्यायचाय आणि तो होईपर्यंत माझा जीव कासावीस आहे, आणि हे तो वधस्तंभावरच्या आपल्या मरणाबद्दल बोलतोय! यार्देनमधे तो पापी माणसांच्या रांगेत उभा राहिला त्याचा शेवट कालवरीवर, जिथे त्याला वधस्तंभावर दिलं तिथे, झाला. आमचा बाप्तिस्मा त्या मरणाला बांधलेला आहे.

जुन्या मंडळीला, म्हणजे सुरुवातीच्या चर्चला, हे चांगलं माहीत होतं. चौथ्या शतकात यरुशलेममधे ईस्टरच्या रात्री बाप्तिस्मा व्हायचा, त्याआधी कित्येक आठवडे शिकवण, उपास, प्रार्थना. त्या रात्री माणसाला पश्चिमेकडे तोंड करून उभं करायचे, मावळतीकडे म्हणजे अंधाराकडे, आणि हात पुढे करून तोंडावर म्हणायला लावायचे की सैताना, मी तुला सोडलं. मग पूर्वेकडे वळून पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्यावरचा विश्वास बोलायचा, मग तीनदा पाण्यात. त्याच्या आधीच्या काळात तर बाप्तिस्मा घेतला म्हणून जीव जाऊ शकायचा.

आता आमच्याकडे काय होतं ते पण लिहिते. टेबलावर पांढरा रुमाल घातलेलं स्टीलचं भांडं, आईबाप पुढे उभे, पाळकसाहेब विचारतात की सैतान आणि त्याची सगळी कामं यांचा तुम्ही त्याग करता का, आणि बाप फोटोवाल्याकडे बघत पुटपुटतो "करतो". इकडे मावशी बाळाची टोपी सरळ करतेय कारण फोटो नीट आला पाहिजे. मग हॉलवर जेवण, केक, संध्याकाळी सगळ्यांच्या स्टेटसला फोटो. जेवणाला माझी हरकत नाही हो, आनंदच आहे तो. पण त्या प्रश्नाला उत्तर देताना घसा दाटून यायला पाहिजे एवढा तो मोठा प्रश्न आहे.

मी एक बाप्तिस्मा असा पाहिलाय की तिथे यातलं काहीच नव्हतं. खरं म्हणजे तो मीच दिला. एका हॉस्पिटलात रात्रपाळीला होते, सातव्या महिन्यात झालेलं बाळ, डॉक्टरांनी सगळं करून झालं होतं, आईबाप ख्रिस्ती, पाळकांना फोन केला पण ते दुसऱ्या गावाहून निघाले होते. आई म्हणाली, "सिस्टर, तुम्हीच करा." ऐन अडचणीच्या वेळी कुणीही विश्वासू माणूस बाप्तिस्मा देऊ शकतो ही चर्चची जुनी रीत आहे हे मला माहीत होतं, तरी हात थरथरत होते. वाटीत उकळून कोमट केलेलं पाणी घेतलं, कापसाचा बोळा भिजवला, कपाळ एवढंसं की बोळा सबंध टेकवायला जागा नाही, त्यावर तीनदा थेंब सोडले, पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने. बाळ पहाटे गेलं. पाण्याशिवाय देवाने त्याला जवळ घेतलं नसतं असं मी मुळीच मानत नाही. पण त्या आईला कळलं की माझं बाळ एकटं मरणात गेलं नाही, ख्रिस्त त्या मरणात आधीच जाऊन आलाय. ज्याला अजून आई म्हणता येत नाही त्याच्यासाठीसुद्धा देव आधी पाऊल टाकतो, हे मला इतकी वर्षं वचन वाचून जेवढं नाही कळलं तेवढं त्या रात्री कळलं.

यावर लगेच कुणी म्हणेल की लहान बाळाचा बाप्तिस्मा खराच नाही, मोठेपणी बुडवूनच घ्यायला पाहिजे. सातारा, सांगली, मिरज कुठेही जा, हा वाद आहेच, एका घरात दोन भाऊ यावरून बोलत नाहीत असंही पाहिलंय. मला दोन्ही बाजूंचं मोल वाटतं, मोठेपणी समजून उमजून पाण्यात उतरणाऱ्याची साक्ष फार मोठी आहे, आणि बाळाच्या वेळी देवाची कृपा आधी आणि आपली समज नंतर हे दिसतं. 1970 मधे नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा बॅप्टिस्ट, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन असे सगळे पंथ एकत्र आले आणि दोन्ही पद्धती ठेवल्या, ते मला फार शहाणपणाचं वाटतं. पाणी किती लागतं यावर तर दिदाखे नावाच्या अगदी सुरुवातीच्या लिखाणातच सांगून ठेवलंय की वाहतं पाणी मिळालं तर उत्तम, नाहीतर दुसरं, तेही पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. एवढं सोपं. आणि "ज्या पाळकाने दिला तो असा निघाला म्हणून परत घ्या" हे तर अजिबात पटत नाही. संत ऑगस्टीनने सोळाशे वर्षांपूर्वी उत्तर दिलंय, देणारा येशूचा शिष्य पेत्र असो नाहीतर त्याला दगा देणारा यहूदा, बाप्तिस्मा देतो तो ख्रिस्तच. एकदा ख्रिस्ताबरोबर पुरले गेलात ना, मग परत परत काय पुरायचं?

साताऱ्यात टिळकांचं नाव निघालं की आणखी एक गोष्ट हमखास निघते. 1917 साली त्यांनी इथे "देवाचा दरबार" नावाचा भक्तसमाज सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तभक्त चालत. मग काही जण म्हणतात, बघा, टिळकांनाच त्याची गरज वाटली नाही. मला तसं वाटत नाही. जो स्वतः घरदार, नातीगोती सगळं पणाला लावून त्या पाण्यात उतरला त्याला त्याची किंमत माहीत नव्हती का? त्यांनी दार मोठं केलं एवढंच. येशूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेल्या चोराला कुठे बाप्तिस्मा मिळाला होता, पण येशू म्हणाला आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील. देव पाण्याने बांधलेला नाही. पण कर्नेल्य नावाच्या रोमी सेनाधिकाऱ्याच्या घरी पाहा, तिथे पवित्र आत्मा आधीच उतरला होता, तरी पेत्र म्हणाला की यांना पाणी कोण मना करणार, आणि सगळ्यांचा बाप्तिस्मा झाला. आत घडलेलं शरीराने, चारचौघांत, ओलं होऊन कबूल करायचं असतं.

आता जे लिहितेय ते आमच्या लोकांना झोंबेल पण लिहिते. गलतीकरांस पत्रात पौल सांगतो की ख्रिस्तात ज्यांचा बाप्तिस्मा झाला ते ख्रिस्ताला पांघरून आहेत, आता यहूदी नाही, हेल्लेणी म्हणजे ग्रीक नाही, दास नाही, स्वतंत्र नाही, पुरुष नाही, स्त्री नाही, सगळे एक. आमच्या आज्या-पणज्या त्या पाण्यात उतरल्या तेव्हा त्यांना सगळ्यात मोठी सुवार्ता हीच होती, कालपर्यंत ज्यांना विहिरीवर येऊ देत नव्हते ते आणि टिळकांसारखे ब्राह्मण एकाच भांड्यातल्या पाण्याने भिजले, एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेऊ लागले. आणि आज? मुलीचं स्थळ आलं की बायोडाटा बघून पहिला प्रश्न, "मूळचे कोण?" तोही दर रविवारी पुढच्या बाकावर बसणाऱ्यांकडून. मग त्या पाण्यात मेलं कोण? जात तर जिवंत बाहेर आली की.

आमच्या मंडळ्यांना माझी विनंती आहे की बाप्तिस्म्याआधी आईबापांना आणि मोठ्यांनाही निदान महिनाभर बसवून शिकवा, रविवारच्या उपासनेत सगळ्यांसमोर बाप्तिस्मा द्या, त्या दहा मिनिटांत मोबाईल बंद ठेवा, आणि सैतानाच्या कामांचा त्याग करता का असं विचारता ना, त्यात जातपात पण येते असं पाळकसाहेबांनी नाव घेऊन विचारावं. जे बाहेरून बघतात त्यांनीही एखाद्या ईस्टरला चर्चमधे येऊन मागच्या बाकावर बसावं, कुणी अडवत नाही, आम्ही काय कबूल करतो ते आपल्या कानांनी ऐकावं.

आपली,
एक निवृत्त नर्स, सातारा