सशांच्या दातांची तपासणी आणि विम्याची अट

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या जुळे सोलापुरात ओळखीच्या चार घरांत ससे आहेत. त्यांपैकी एकाचेही दात कधी कोणी तपासलेले नाहीत. गेल्या उन्हाळ्यापर्यंत आमच्या सशाचेही तपासलेले नव्हते आणि त्याचा त्रास त्या मुक्या जिवाला भोगावा लागला, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

सशाला एकूण २८ दात असतात आणि पुढच्या पटाशीच्या दातांपासून मागच्या दाढांपर्यंत सगळेच जन्मभर वाढत राहतात. पटाशीचे दात तर आठवड्याला साधारण दोन ते तीन मिलिमीटर वाढतात. दिवसभर गवत चावत राहिल्यानेच त्यांची झीज होते. आपण मात्र कौतुकाने गाजर, भिजवलेले हरभरे आणि बिस्किटे घालतो. मग दाढा वेड्यावाकड्या झिजतात आणि त्यांना धारदार टोके येऊन खालची जिभेत, वरची गालात रुतू लागतात.

एप्रिलमध्ये आमचा ससा कोथिंबिरीची काडी तोंडात धरायचा आणि लगेच टाकून द्यायचा. हनुवटीखालचे केस लाळेने ओले होऊन चिकटलेले असत आणि लेंड्या मिरीएवढ्या बारीक झाल्या होत्या. उन्हाचा कडाका होता, त्यामुळे सगळ्यांनी दोष उन्हाला दिला. एका दवाखान्यात नुसता ओठ वर करून पुढचे दात पाहिले आणि ते ठीक असल्याचे सांगितले. अखेर पुण्याला नेल्यावर कान तपासायचे उपकरण तोंडात घालून दाढा पाहिल्या, तेव्हा जिभेच्या कडेला खोल जखम दिसली. भूल देऊन दाढा घासाव्या लागल्या. सशाचे खाणे अर्धा दिवस जरी थांबले, तरी त्याच्या आतड्यांचे काम मंदावून जिवावर बेतू शकते, हे मला तिथे कळले. आधी कळले असते तर मी इतके दिवस थांबले नसते.

परतल्यावर विम्याची चौकशी केली, तर प्रतिनिधीने कुत्र्याच्या पॉलिसीचा कागद पुढे केला. सरकारच्या राष्ट्रीय पशुधन अभियानातील विम्यात सशांचा समावेश आहे, पण ती योजना पशुपालकांसाठी असून जनावर दगावल्यावर भरपाई देते. उपचाराचा खर्च तिच्यात बसत नाही. ब्रिटनमध्ये घरच्या सशांचा विमा मिळतो आणि तिथल्या अनेक पॉलिसींत वर्षातून एकदा पशुवैद्यकाकडून दात तपासून घेण्याची अट असते. तपासणी चुकवली किंवा पशुवैद्यकाने सुचवलेले उपचार टाळले, तर दातांच्या खर्चाचा दावा नाकारला जाऊ शकतो. ही अट मला जाचक वाटत नाही, उलट योग्यच वाटते, कारण विम्याच्या निमित्ताने का होईना, ससा वर्षातून एकदा जाणकाराच्या हाती जातो. मात्र दाढा पाहू शकणारा पशुवैद्यक अडीचशे किलोमीटरवर असेल, तर अशी अट पाळायची कशी?

म्हणून आधी सोय व्हावी, अशी माझी विनंती आहे. जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयाने महिन्यातला एक दिवस ससे आणि इतर लहान प्राण्यांसाठी ठेवावा, आणि शहरातील खासगी पशुवैद्यकांनी सशाच्या दाढांची तपासणी करून तिची तारखेसह लेखी नोंद पालकाच्या हाती द्यावी. पुढे विमा कंपन्यांनी सशांसाठी पॉलिसी काढली, तर ही नोंदच उपयोगी पडेल.

ससेपालकांना एक कळकळीची विनंती आहे. सशाच्या खाण्यात मुख्य वाटा सुक्या गवताचा ठेवावा, आणि काही ठिकाणी नेलकटरने पुढचे दात छाटून देतात, तसे कृपया करून घेऊ नये. त्याने दात उभा चिरतो आणि मुळाशी पू होण्याची भीती असते.

आपली विश्वासू,
एक वाचक, जुळे सोलापूर