चुकती केलेली हुंडी पुन्हा वसूल केल्याबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग.

विषय : व्यापारी घराण्याच्या संगणकावरील खेळात (मराठी आवृत्ती, दुसरी सुधारणा) भरणा झालेली हुंडी देण्यातून न उतरणे आणि त्याबाबत आपल्या सेवा केंद्राने दिलेले उत्तर.

संदर्भ : माझे चार फोन, पैकी शेवटचा आज दुपारी साडेबारा वाजता.

महोदय,

आज दुपारी आपल्या सेवा केंद्राने मला अकरा मिनिटे बासरी ऐकवली, चार मिनिटे माझे बोलणे मध्ये मध्ये तोडले आणि मग फोन ठेवून दिला, म्हणून हे पत्र लिहावे लागत आहे. खेळ आपणच तयार केलेला असल्यामुळे उतरती कळा लागलेले घराणे, खारे बंदर, सावकारमंडळ आणि वखारीवर पहारा देणारे पिशाच्च यांची ओळख आपणांस करून देण्याची गरज नाही असे धरून चालतो आणि सरळ वहीकडे वळतो.

तिसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यात घराण्याने २,४०० मोहरांची मुदती हुंडी, म्हणजे ठरल्या मुदतीला रक्कम चुकती करण्याचा कागद, लिहून सावकारमंडळाला विकली आणि रक्कम उचलली. मुदत चार ऋतूंची होती व हुंडणावळ, म्हणजे हुंडी वटवण्याचा मोबदला, आरंभीच कापून घेतलेली होती. मुदत भरली त्या दिवशी घराण्याची रोकड ३,१५० मोहरा होती. तीतून २,४०० मी एकरकमी भरल्या, पडद्यावर ‘चुकती’ असा लाल शिक्का उमटला आणि शिल्लक ७५० दिसू लागली. ही वजाबाकी आपल्या खेळाने अचूक केली, हे मान्य करतो. पुढच्या ऋतूच्या पहिल्याच दिवशी तीच हुंडी, त्याच क्रमांकाची, ‘थकीत’ म्हणून शेकडा दहाच्या दंडासह २,६४० मोहरांना पुन्हा उभी राहिली. त्याच्या पुढच्या ऋतूत २,९०४ झाली. त्यानंतर ३,१९४ झाली, आणि त्याच ऋतूत सावकारमंडळाने खाऱ्या बंदरावरची वखार पिशाच्चासह जप्त केली.

आपल्याच नियमपुस्तिकेच्या चौदाव्या पानावर छापले आहे की चुकती झालेली हुंडी ‘खोखा’ होते आणि घराण्याच्या देण्यातून उतरते. ‘खोखा’ हा शब्द ज्याने तिथे घातला त्याला व्यवहार ठाऊक आहे. हल्ली हा शब्द बँकेतल्या माणसांनाही कळत नाही. दुर्दैवाने त्या गृहस्थांनी लिहिलेले पान आपल्या कार्यालयात दुसऱ्या कोणी वाचलेले दिसत नाही.

दोष काय आहे तेही सांगून ठेवतो. भरणा रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या व्यवहारांच्या वहीत, नावे पडतो, म्हणून रोकड कमी होते; पण तिथून तो सावकारमंडळाच्या खात्यावर खतावला, म्हणजे उतरवला, जात नाही, म्हणून देणे तसेच राहते. मी हिंगणघाटच्या एका जिनिंग-प्रेसिंगच्या अडतीवर ३४ वर्षे वही लिहिली आहे. हा दोष सापडायला मला एक संध्याकाळ लागली, तीही भारनियमनाची. खरे तर तो आधी माझ्या अकरा वर्षांच्या नातवाच्या ध्यानात आला. “आबाजी, भरले तरी मांगूनच रायला हा,” असे तो म्हणाला. आपल्या सेवा केंद्रातील चार प्रतिनिधींना मिळून जे कळले नाही ते त्याने पाच शब्दांत सांगितले.

जोखमी हुंडीचीही तीच तऱ्हा आहे. माल गलबतावर चढवून त्यावर जोखमी हुंडी लिहिली, तर माल सुखरूप पोहोचला तरच तिचे पैसे द्यायचे असतात. माल बुडाला तर नुकसान हुंडी घेणाऱ्याचे, आणि म्हणूनच तिला जोखमी म्हणतात. चौथ्या वर्षी घराण्याचे मिठाचे गलबत वादळात बुडाले, आणि आपल्या खेळाने गलबतही घेतले व हुंडीचे ६०० मोहरांचे देणेही घराण्याच्याच माथी मारले. त्या जगात आकाशात दोन चंद्र आहेत याविषयी माझी काहीही तक्रार नाही. आपल्याच शब्दाचा अर्थ आपण पाळत नाही, ही तक्रार आहे.

आता आजच्या फोनविषयी. पहिल्या तीन फोनांत मला अनुक्रमे खेळ बंद करून चालू करण्यास, संगणक बंद करून चालू करण्यास आणि वाट पाहण्यास सांगण्यात आले. ते मी केले. आज मात्र फोनवर आलेल्या तरुणाने माझे निम्मे वाक्य ऐकून हसत म्हटले, “सर, घराणं डिक्लाइन होणं हीच तर गेमची थीम आहे.” मी म्हणालो, घराण्याचा ऱ्हास व्हावा याला माझी हरकत नाही, परंतु भरलेली रक्कम पुन्हा मागितली जात आहे. त्यावर तो म्हणाला, “बरोबर आहे सर, म्हणून तर ते डिक्लाइन होतंय.” मी हुंडीचा क्रमांक सांगितला. त्याने मी कोणत्या पातळीवर खेळतो ते विचारले. ‘मध्यम’ असे सांगितल्यावर त्याने मला ‘सोपी’ पातळी निवडण्याचा सल्ला दिला, जणू काही सोप्या पातळीवर भरलेले पैसे भरलेले धरले जातात आणि मध्यम पातळीवर ते दानधर्मात जमा होतात. मी पुन्हा क्रमांक सांगितला. तेव्हा तो काही क्षण थांबला आणि अत्यंत गोड आवाजात म्हणाला, “काका, घरात कोणी लहान असेल तर त्याच्याकडे फोन देता का? गेमचं त्यांना पटकन कळतं.”

महोदय, घरात लहान होता. तो माझ्या शेजारीच बसला होता आणि फोनचा आवाज मोठा ठेवलेला असल्यामुळे त्याने हे सगळे ऐकले. मी फोन त्याच्याकडे दिला. त्याने तीच गोष्ट त्याच क्रमांकासह सांगितली. त्यावर आपल्या प्रतिनिधीने त्याला विचारले की आजोबांनी चुकून दुसरेच बटण दाबले असेल का. हे उत्तर ऐकून मुलगा माझ्याकडे पाहू लागला, आणि चौतीस वर्षांत वहीत एका रुपयाचा फरक न येऊ दिलेल्या माणसाला स्वतःच्या नातवासमोर बटणाचा खुलासा करावा लागला. मी फोन परत घेऊन वरिष्ठांशी बोलणे करून द्या म्हणालो, तेव्हा बासरी सुरू झाली. बासरी संपल्यावर फोन कटला, आणि एका मिनिटाच्या आत मोबाईलवर संदेश आला की माझी तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली असून मी सेवेला एक ते पाच यांपैकी गुण द्यावेत. शून्याची सोय आपण ठेवलेली नाही, ही दूरदृष्टी मात्र खरी.

‘थीम’विषयी दोन गोष्टी सांगतो, कारण घराणी बुडणे हा विषय आपल्या प्रतिनिधीपेक्षा मला जवळचा आहे. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि इकडच्या कापसाचे भाव आकाशाला भिडले. १८६५ साली ती लढाई संपली, भाव कोसळले आणि चढ्या भावाने माल भरून बसलेल्यांचे हात पोळले. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोहोचली आणि बैलांच्या तांड्यांवर चालणारा व्यापार हळूहळू संपला. ३१ मार्च १९५१ पासून आमच्या भागातली मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करणारी जमीनदारी, गेली. १९७२ साली राज्याची एकाधिकार कापूस खरेदी आली आणि खासगी व्यापाऱ्याच्या हातून कापूसच निसटला. यातल्या प्रत्येक पडझडीला साल आहे आणि कारण आहे; ते कारण समोर ठेवून हळहळता येते, शिव्या देता येतात, एखादा शहाणा असेल तर सावरताही येते. भरलेला पैसा वहीत न चढवणे याला मात्र आमच्याकडे ‘थीम’ म्हणत नाहीत. ते करणारे सावकारही होऊन गेले, आणि १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे व वह्या काढून जाळल्या, हे आपल्या कथाकारांनी वाचले असेलच. माझे वय रोखे जाळण्याचे नाही, म्हणून अर्ज करीत आहे.

आमच्या गावात मालगुजारांचा वाडा आहे. त्याच्या ओसरीवर आता शेळ्या बांधतात. १९८० च्या सुमारास त्यांचे जुने दप्तर लावून द्यायला मला बोलावले होते. नकाशांना वाळवी लागली होती, पत्रांचा लगदा झाला होता, पण आतल्या खोलीत खुंटीला एक लोखंडी तार टांगलेली होती आणि तीत चुकत्या झालेल्या हुंड्या मधोमध भोसकून, तारखेच्या क्रमाने ओवून ठेवलेल्या होत्या. सर्वांत खालच्या हुंडीची शाई गंजाने तांबडी झाली होती. ते घराणे तोवर पार बसले होते, तरी त्यांच्याकडे कोणी दुसऱ्यांदा पैसे मागायला आला असता तर त्यांनी तार काढून दाखवली असती. आपल्या खेळातल्या घराण्याला तेवढी तारही आपण दिलेली नाही. लाल शिक्का उमटतो, दोन क्षणांनी विरतो, आणि भरणा केल्याचा पुरावा म्हणून खेळाडूच्या हाती काही राहत नाही.

मला वाईट वाटते ते याचे, की ही आवृत्ती मी नातवासाठी मुद्दाम घेतली होती. रोजकीर्द, खतावणी, मुदती, दर्शनी हे शब्द त्याच्या कानावरून जावेत आणि उन्हाळ्याच्या सुटीत दुपारी घराबाहेर पाय ठेवता येत नाही तेव्हा दोघांनी मिळून एक वही सांभाळावी, एवढाच हेतू होता. पहिले पंधरा दिवस तसे झालेही. आता तो मला विचारतो की भरूनही मागतात तर भरायचे कशाला, आणि या प्रश्नाचे उत्तर द्यायची जबाबदारी आपण माझ्यावर टाकली आहे.

तरी भरणा सावकारमंडळाच्या खात्यावर खतावला जाईल अशी दुरुस्ती आपण करावी, आमच्या घराण्याची वखार व गेलेले ऋतू परत द्यावेत, आणि आजच्या फोनबाबत लेखी उत्तर द्यावे. हे जमत नसेल तर १,४९९ रुपये परत करावेत. ‘सोपी पातळी निवडा’ हे उत्तर म्हणून स्वीकारले जाणार नाही. पंधरा दिवस वाट पाहीन. त्यानंतर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार मी राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगापुढे, म्हणजे वर्ध्याला, तक्रार दाखल करीन. एवढ्या रकमेच्या तक्रारीला शुल्क लागत नाही आणि पंचाहत्तरी ओलांडल्यामुळे एस. टी.चा प्रवासही मला फुकट आहे. थोडक्यात, आपल्याविरुद्ध तारखेला हजर राहण्यात माझी काहीही ‘जोखीम’ नाही, आणि वेळ भरपूर आहे. सुनावणीच्या दिवशी नातवालाही सोबत नेईन, कारण गेमचे त्यांना पटकन कळते.

आपला,
एक ग्राहक
(तालुका हिंगणघाट, जिल्हा वर्धा)

सोबत : खरेदीच्या पावतीची प्रत, तिसऱ्या ते पाचव्या वर्षाच्या हिशोबाची मी हाताने उतरवलेली पाने, नियमपुस्तिकेचे चौदावे पान, आपल्याकडे नसल्यास असावे म्हणून.

ता. क. : पत्र पाकिटात घालण्यापूर्वी नातवाने खेळ उघडून पाहिला. वखार जप्त होऊनही हुंडी तशीच उभी आहे. आजचा आकडा ३,५१३.